उजवा कौल, डावा डोळा

मला चष्म्याचा त्रास कधीच नव्हता. त्रास होता तो माझ्या आईला, आईच्या दोन्ही बहिणींना, वाडीतल्या यच्चयावत बायकांना आणि मला बघायला येणाऱ्या मुलांच्या आयांना. मी आपली सकाळी उठले की उशाशी चाचपून चष्मा चढवत असे आणि जग जसं आहे तसं दिसत असे. खाऱ्या वाऱ्यानं काचांवर सदा एक चिकट पुट बसायचं, ते पदरानं पुसायचं. बांगडे तळायला बसलं की वाफेनं काचा धुरकट व्हायच्या, मग चष्मा घटकाभर कपाळावर सरकवायचा. एवढीच काय ती कटकट.

चष्मा लागला तो सहावीत. फळ्यावरची गणितं मी शेजारणीच्या वहीतून उतरवते हे मास्तरांच्या लक्षात आलं. बाबा मालवणच्या कचेरीत कारकून होते. ते मला कुडाळला डॉक्टरकडे घेऊन गेले आणि येताना माझ्या नाकावर काळ्या फ्रेमचा चष्मा होता. आईनं मला दारातच बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "आवशीक नाय लागली आणि चेडवाक चाळीशी लागली!" आईच्या आधी लेकीला लागली, हे तिचं दुःख. आमच्याकडे जुन्या बायका कुठल्याही चष्म्याला चाळीशीच म्हणत. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण येताना एस.टी.च्या खिडकीतून मी माडांची एकेक पात सुटी सुटी बघत आले होते. माडाला पाती असतात हे माहीत होतं. त्या इतक्या असतात हे माहीत नव्हतं.

पुढे डी.एड. झाले, शेजारच्या गावात प्राथमिक शाळेत लागले आणि आईनं स्थळं बघायला सुरुवात केली. तेव्हा आमचा जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, गावात एकदोन घरांत टीव्ही आले होते, पण चष्मेवाली सून कुणाला नको ते नकोच. बघायला माणसं येणार म्हटलं की आई माझा चष्मा काढून घ्यायची आणि चक्क तांदळाच्या डब्यात ठेवायची. नंबर होता साडेचार. चष्म्याशिवाय समोरच्या माणसाचं तोंड म्हणजे मला नुसती भाकरी. डोळे नाहीत, नाक नाही, गोल. एकदा मी अशीच चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि मुलाच्या वडिलांना सोडून त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरला वाकून नमस्कार केला. बिचारा ताडकन उठून उभा राहिला. त्या लोकांनी मागाहून निरोप पाठवला की मुलगी बरी आहे, पण जरा वेंधळी वाटते. वेंधळी म्हणे! तुमचे डोळे काढून ठेवा डब्यात आणि मग करा नमस्कार.

मग वेंगुर्ल्याचं स्थळ आलं. मुलगा बँकेत होता. बरोबर त्याची आई आणि मामा. मी नेहमीप्रमाणे भाकऱ्या बघत बसले होते. त्यातल्या एका भाकरीतून आवाज आला, "तुमच्या नाकावर चष्म्याचे वळ दिसतायत. घाला की चष्मा. मी तुम्हाला बघतोय, तुम्ही पण मला बघा."

मी उठले, सरळ आत गेले, तांदळाच्या डब्यात हात घातला आणि चष्मा लावून बाहेर आले. काचांना तांदळाचं पीठ लागलं होतं, ते सगळ्यांच्या देखत पुसलं. समोर एक सावळा, उंच माणूस बसला होता, पुढचा एक दात किंचित वाकडा, आणि तो हसत होता. मला तो आवडला. यात आता लाजायचं काय? आवडला. करीन तर याच्याशीच, असं मी त्याच दिवशी मनात धरून बसले.

त्याच्या आईला मात्र वळ आवडले नव्हते. "मुलगी पसंत आहे, पण चष्मा नको. पुढे मुलांना लागतो," असं म्हणून त्या निघून गेल्या. चार-आठ दिवसांनी तो स्वतः आला. त्यानं कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं होतं की कोल्हापूरला एक डॉक्टर चष्म्याचा नंबर घालवायचं ऑपरेशन करतात. आता हे काम लेझरनं करतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो. तेव्हा ते हिऱ्याचं पातं लावलेल्या बारीक सुरीनं करायचे. त्यानं आपल्या आईला विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं की चष्मा गेला की सुपारी फोडू, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरू. हे सांगताना तो माझ्याकडे असा बघत होता, की त्यालाच परीक्षेला बसायचं आहे असं वाटावं. मी हो म्हटलं. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे काय हे न विचारता हो म्हटलं.

पण नुसत्या माझ्या होकारानं काय होतंय! आमच्या घरात विहीर खणायची असली, म्हैस घ्यायची असली, तरी आधी देवाचा कौल. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. देवळात गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतो आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारतो. उजव्या अंगाची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डाव्या अंगाची पडली तर नकार. 'देवान उजवो दिल्यान' म्हणजे देव हो म्हणाला. एवढं साधं आहे ते.

आई, बाबा आणि मी देवळात गेलो. गुरवानं पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा महाराजा! ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. ह्या चेडवाच्या डोळ्याचा आपरेशन करूचा म्हणतत रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" आम्ही तिघांनी साथ दिली. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला ती द्यायचीच असते.

"ता तुझ्या मनात आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी!"

"व्हय महाराजा!"

एवढ्यात बाबा मध्येच म्हणाले, "आणि आधी खंयचो डोळो करूचो, ता पण विचारा." कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं की एका वेळी एकच डोळा करतात, दुसरा काही महिन्यांनी. बाबा कचेरीतले. एका फेरीत दोन कामं उरकायची त्यांना सवय. गुरवानंही रंगात येऊन तेही गाऱ्हाण्यात ओवून टाकलं. आम्ही पुन्हा व्हय महाराजा म्हटलं आणि पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. थोड्या वेळानं उजवी पाकळी घसरली आणि खाली पडली.

"उजवो दिल्यान!" गुरव म्हणाला.

आईनं डोळे पुसले. बाबा म्हणाले, "उजवो. म्हणजे आधी उजवो डोळो." आई म्हणाली, "म्हणजे करा म्हणता देव." दोघंही खूश. एकाच पाकळीनं दोघांच्याही प्रश्नांची उत्तरं दिली होती. देवानं नेमकं कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलं हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. मला हवं तेच पदरात पडलं होतं, मग मी कशाला तोंड उघडू?

कोल्हापूरचे डॉक्टर भले गृहस्थ होते, हे मी आजही म्हणेन. त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. मधली जागा सोडून तिथपासून बुबुळाच्या कडेपर्यंत बारीक चिरा द्यायच्या, छत्रीच्या काड्या असतात तशा. त्यानं बुबुळ जरासं सपाट होतं आणि लांबचं दिसायला लागतं. चीर खोल हवी, पण आरपार जाता कामा नये. मग ते एकेक सांगत गेले. नंबर पुरता जाईलच असं नाही, थोडा राहू शकतो. कधी जास्त उतरतो आणि उलटा नंबर लागतो, जवळचं दिसेनासं होतं. दिव्यांभोवती किरणं दिसतात. सकाळचं दिसणं वेगळं, संध्याकाळचं वेगळं, असं काही महिने होतं, काहींना कायमचं होतं. चिरा भरायला फार वेळ लागतो, तोवर जंतू जाता कामा नये, आणि डोळ्याला जबर मार लागला तर ती जागा कच्ची असते ती असतेच.

बाबा प्रत्येक वाक्याला "हो साहेब, हो साहेब" म्हणत होते. मला वाटलं, पुढचं 'व्हय महाराजा'च येतंय.

"बरं होईल ना पण, साहेब?" शेवटी त्यांनी विचारलं.

"बहुतेकांचं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या मुलीचं होईलच असं मी सांगू शकत नाही. हा डोळा आजारी नाही. चष्मा लावला की तिला उत्तम दिसतं. तेव्हा विचार करून सांगा."

त्या वेळी मला हे बोलणं म्हणजे वकिली थाटाचं वाटलं. आता वाटतं, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं आणि तेच आम्ही दोघांनी वाऱ्यावर सोडलं.

ऑपरेशनला दुखलं नाही. थेंब टाकून डोळा बधिर केला होता, पण मी टक्क जागी होते आणि पापण्या चिमट्यानं ताणून धरल्या होत्या. वरून प्रखर उजेड आणि त्यातून खाली येणारं काहीतरी. हलायचं नाही म्हटल्यावर मला खोकलाच येणार असं वाटत होतं. खोकला आला असता तर काय झालं असतं, या विचारानं मला आजही घाम फुटतो. पहिली रात्र मात्र डोळ्यात वाळू कालवल्यासारखी गेली. पाणी तर इतकं वाहिलं की उशी बदलावी लागली.

आणि पट्टी काढली तेव्हा! काय सांगू तुम्हाला. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मी डावा डोळा हातानं झाकला, आणि त्या कॅलेंडरवरचे आकडे मला दिसले. चष्म्याशिवाय. खिळा दिसला, खिळ्याची दोरी दिसली, भिंतीवरची पाल दिसली. मी इतक्या आनंदानं "पाल! पाल!" ओरडले की नर्स झाडू घेऊन आली. बाबा त्या दिवशी रडले. मीही रडले, आणि रडायचं नाही म्हणून डॉक्टर ओरडले.

चार दिवसांनी परत निघालो. चष्म्याची उजवी काच कोल्हापुरातच एका दुकानात काढून टाकली होती. डाव्या डोळ्याला काच, उजव्याला नुसती फ्रेम. एस.टी. फोंडाघाट उतरून खाली आली तेव्हा दिवेलागण झाली होती. समोरून एक ट्रक आला आणि त्याच्या दोन दिव्यांना एकदम सगळ्या बाजूंनी लांबलचक काटे फुटले. रस्ता दिसेना, ट्रक दिसेना, नुसते ते काटे. मी बाबांचा हात घट्ट धरला. घरी आल्यावर देवापुढच्या निरांजनालाही तसेच काटे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बरां मां. तुका रोज दिवाळी दिसतली."

दिवाळी! डोंबलाची दिवाळी.

दिवस जायला लागले तसं लक्षात आलं, की माझ्या उजव्या डोळ्याचं घड्याळाशी काहीतरी आहे. सकाळी शाळेत गेले की शेवटच्या बाकावरच्या पोराच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसायचं, पण हातातलं पुस्तक लांब धरावं लागायचं. दुपारच्या सुट्टीला दोन्ही जरा बरं. आणि शाळा सुटेपर्यंत शेवटचा बाक धुरकटायचा. म्हणजे एकच डोळा, आणि त्याचे दिवसात तीन नंबर. त्यात डाव्या डोळ्यावर जाड काच आणि उजव्यावर काहीच नाही, म्हणून एका डोळ्याला वस्तू लहान दिसायची, दुसऱ्याला मोठी. दोघांचं जमेना. डोकं ठणकायचं. शाळेच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरताना पाय कुठे टाकायचा कळायचं नाही, एकदा चांगली तोंडावर आपटले. वर्गातली पोरं फ्रेमच्या रिकाम्या गोलातून बोट घालून बघायची आणि खिदळायची. मीही हसायचे. हसणार नाही तर काय करणार?

काही महिन्यांनी पुन्हा कोल्हापूर. डॉक्टरांनी डोळा तपासला, चिरा छान भरतायत म्हणाले. दिसणं बदलतं म्हटल्यावर म्हणाले, "काहींचं हळूहळू स्थिर होतं. काहींचं नाही होत. कुणाचं होईल हे आधी कळायला मार्ग नाही." मी विचारलं, "मग डावाही असाच होईल?" ते म्हणाले, "तसाच होईल किंवा नाही होणार. घाई नाही, तुम्हाला वाटलं तरच करू."

घाई वेंगुर्ल्याला होती. तिथून निरोप आला की एकाच काचेचा चष्मा काही चष्मा गेला असं म्हणता यायचं नाही, तेव्हा दुसरा डोळा तुळशीच्या लग्नाआधी उरकून घ्या. 'उरकून घ्या' हाच शब्द होता. बाबा मान खाली घालून बसले. आई म्हणाली, "चला देवळात."

पुन्हा तोच गुरव, त्याच पाकळ्या. या वेळी आईनं बाबांना दम दिला होता की मध्ये तोंड घालायचं नाही. गाऱ्हाणं एकच. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं की नाही. व्हय महाराजा. आणि आम्ही नीट हात जोडायच्या आत डावी पाकळी पडली.

बाबांनी सुस्कारा टाकला. आणि आई आनंदानं म्हणाली, "डावो दिल्यान! डावो डोळो करूक सांगता देव."

"वयनी," गुरव चाचरत म्हणाला, "डावो म्हणजे नाय."

"कसो काय नाय? गेल्या खेपेक उजवो दिल्यान, आमी उजवो डोळो केलो. आता डावो दिल्यान, म्हणजे डावो. देव काय दर खेपेक भाषा बदलता?"

गुरवानं बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "अगो, गेल्या खेपेक तूच म्हणालंस, उजवो म्हणजे करा."

"आणि तुमी काय म्हणालात? आधी उजवो डोळो! तेव्हा तुमचो अर्थ चाललो, आता माझो चालात."

"पण देवाचो उजवो तो आमच्या समोरसून डावो दिसता, ह्या तरी..." बाबा हे बोलले मात्र, आई अशी काही वळली की ते पुढचं गिळून बसले. मला आधी हसू आलं. देवाच्या समोर उभं राहून माझे आईबाप माझ्या डोळ्यांची वाटणी करत होते, वडिलार्जित जमिनीची करतात तशी. मग आई गुरवाला म्हणाली, "परत लावा पाकळ्यो." आणि गुरवानं खरोखरच ओंजळीत फुलं घेतली.

तेव्हा माझं डोकं फिरलं. "लावू नको!" मी ओरडले. गाभाऱ्यात आवाज घुमला. "उजवो पडांदेत, डावो पडांदेत, सगळी फुलां पडांदेत. मी करूचंय नाय!"

देवळात असं कुणी ओरडत नाही. आईचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "मगे लगीन?" मी म्हटलं, "होवचा तर असांच होयत." आणि चालायला लागले. रस्ताभर रडत गेले. उजव्या डोळ्यातून जास्त पाणी येत होतं, ऑपरेशनपासून तसंच यायचं.

मी देवाचं ऐकलं असं कुणी समजू नये. उजवी पाकळी पडली असती तरी मी असंच ओरडले असते का? खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. मला एवढंच कळत होतं, की संध्याकाळी उजवा डोळा थकला की मी तो मिटते आणि डाव्यानं वह्या तपासते. तो डावा मला कुणालाच द्यायचा नव्हता. त्या वाकड्या दाताच्या माणसालाही नाही.

आणि तो माणूस तर मला हवा होता.

तो शाळेत आला. पोरं घरी गेली होती, आम्ही व्हरांड्यात उभे होतो. मी सगळं सांगितलं, काटे, सकाळ-संध्याकाळ, पायऱ्या, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक झालाय, मग दुसऱ्याला काय एवढं? दोन्ही सारखे झाले की डोकं तरी दुखणार नाही."

बोलणं चुकीचं नव्हतं. डॉक्टरांनीही तेच म्हटलं असतं कदाचित. मी म्हटलं, "आणि दोन्ही सारखे बिघडले तर? मग काय कुडाळचा डॉक्टर मला जुने डोळे देईल?"



"तुम्हीच सांगितलंत ना, चष्मा लावून मला बघा म्हणून," मी पुढे म्हटलं. "मी चष्म्यातून बघूनच तुम्हाला पसंत केलं. आता तुम्ही आईला सांगा, की एका काचेची बायको चालेल."

त्यानं व्हरांड्याला टेकवलेली सायकल सरळ केली. मग म्हणाला, "आईला सांगणं कठीण आहे हो." बस, एवढंच. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर मला बरं वाटलं असतं. शिव्या तरी देता आल्या असत्या. तो सायकल घेऊन गेला आणि मी तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले. संध्याकाळ असल्यामुळे उजव्या डोळ्याला तो जरा लवकरच दिसेनासा झाला.

तुळशीचं लग्न झालं, माझं झालं नाही. आई माझ्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलत होती. नंतर पुढे कधीतरी झालं माझं लग्न, आमच्याच शाळांच्या केंद्रातल्या एका शिक्षकाशी. त्यानं चष्म्याबद्दल काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. संसार बरा झाला.

उजवा डोळा स्थिर असा झालाच नाही. वर्षं गेली तसा तो उलट्या बाजूला सरकत गेला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा. आता त्याला जवळचं अजिबात दिसत नाही आणि लांबचंही धड नाही. दिव्यांचे काटे अजून आहेत. रात्री गाडीत मी पुढे बसत नाही. डावा मात्र होता तसाच आहे, साडेचारच्या आसपास, आपला नंबर सांभाळून. चष्मा काढला की पोथीतलं बारीकातलं बारीक अक्षर मी डाव्यानं वाचते. परवा शेजारची मुलगी कोल्हापूरला जाऊन लेझर करून आली. तिला छान दिसतंय, थोडे दिवस डोळे कोरडे वाटले एवढंच. मी काही वेडी नाही तिला घाबरवायला. जायच्या आधी तिला फक्त एवढं म्हटलं होतं, की नंबर वर्षभर बदललेला नाही ना हे बघ, बुबुळ पुरेसं जाड आहे का ते मोजायला सांग, आणि डॉक्टर 'पण' म्हणाला की त्या 'पण'च्या पुढचं नीट ऐक.

या सगळ्याबद्दल आई कधीच बोलली नाही. माझ्या लग्नानंतर बाबा गेले. ती एकटी राहायला लागली आणि मी रविवारी जायचे. सुरंगीच्या दिवसांत ती ओसरीवर बसून वळेसर, म्हणजे त्या फुलांचे गजरे, करायची. एकदा गेले तर फुलं पसरून बसली होती आणि सुई तशीच हातात. दोरा ओवायचा प्रयत्न करत होती, पण तो सुईच्या भोकाच्या बाजूनंच जात होता, कितीतरी वेळ. मी चष्मा काढला, सुई डाव्या डोळ्याजवळ धरली आणि ओवून दिली.

तिला मोतीबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांत. कुडाळच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करा म्हणून सांगितलं होतं आणि ती महिनोन् महिने टाळत होती. मला वाटलं, कौल लावल्याशिवाय ती काही तयार व्हायची नाही. म्हणून मीच म्हटलं, "आये, उद्या देवळात जाऊया. कौल घेऊया."

तिनं माझ्याकडे तोंड केलं. तिला मी दिसत होते की नव्हते कोण जाणे, भाकरीच दिसत असेन.

"देवाक कित्याक?" ती म्हणाली. "तुझ्या टायमाक देवाक दोन खेपा विचारलंय. तुका एकदाय विचारूक नाय." हातातलं फूल तिनं सुईवर ओवलं. "तर आता तूच सांग गो. करू?"

मी तिच्याजवळ सरकून बसले. मग म्हटलं, "कर. मी आसंय बरोबर."

"आधी खंयचो?"

"खंयच्यान कमी दिसता तुका?"

"डाव्यान."

"मग आधी डावो."

"व्हय महाराजा," आई म्हणाली, आणि पुढचं फूल चाचपायला लागली.